आडनाव आधी, नाव नंतर



शाळेत हजेरी घेताना बाई तुमचं नाव कसं पुकारतात? ‘जोशी मंदार’, ‘पाटील सुनीता’, ‘शेख रुबिना’. म्हणजे आडनाव आधी आणि नाव नंतर. दाखल्यावरही तसंच, गुणपत्रिकेवरही तसंच. युरोपातल्या बहुतेक देशांत असं नाव सांगितलंत, तर लोक तुम्हाला ‘मिस्टर मंदार’ म्हणून मोकळे होतील! पण त्याच युरोपच्या मधोमध एक देश असा आहे, की जिथं लहानथोर सगळेजण आपल्या हजेरीपटासारखीच नावं सांगतात. तो देश म्हणजे हंगेरी.

आज आपल्या सदराची गाडी तिकडंच निघाली आहे. आठवडाभर राजधानीतल्या एका कचेरीत काम करायचं आणि ईस्टरच्या सोमवारी सुट्टी घेऊन खेड्यात भटकायला जायचं. आहे कबूल? मग चला.

सुरुवातीलाच एक दुरुस्ती करू या. ज्या शहराला आपण बुडापेस्ट म्हणतो, त्याचा तिथला उच्चार आहे बुदापेश्त. दान्यूब नदीच्या एका काठावर बुदा, दुसऱ्या काठावर पेश्त. बुदा, जुनं बुदा आणि पेश्त ही तीन गावं १८७३ साली एक झाली आणि हे शहर तयार झालं. आणखी गंमत म्हणजे तिथले लोक आपल्या देशाला हंगेरी म्हणतच नाहीत! ते स्वतःला मॉद्यॉर म्हणवतात. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत हाच शब्द ‘मग्यार’ असा येतो.

आता कचेरीत शिरू या. ही कचेरी आहे एका परदेशी मिशनची. मिशनरी म्हटलं, की आपल्या डोळ्यांपुढं प्रवचन करणारा, शाळा नाहीतर दवाखाना चालवणारा माणूस येतो. ते खरंच आहे. पण घरातून निघून दूर देशी आलेल्या या माणसांना राहायला जागा लागते, सरकारी परवाना लागतो, घरभाडं भरावं लागतं, पत्रं पाठवावी लागतात. हे सारं कुणीतरी टेबलापाशी बसून करतं, तेव्हा बाकीची कामं होतात. कम्युनिस्ट राजवटीत हंगेरीत परदेशी मिशनना मोकळेपणानं काम करता येत नव्हतं. १९९० साली धर्मस्वातंत्र्याचा नवा कायदा झाला आणि मग तिथं बाहेरून आलेल्यांची ये-जा वाढली. त्यात विशी-बाविशीची स्वयंसेवक मुलंमुलीही असतात.

समजा, अशीच एक मुलगी कचेरीचं काम सांभाळते आहे. तुमच्या ताईच्या वयाची. आपण तिला ताईच म्हणू. तिच्या टेबलाशेजारी एक खुर्ची रिकामी आहे. बसा. आज तुम्ही तिचे मदतनीस.

पहिलं काम अगदी सोपं दिसतं. ओळखीच्या लोकांची कार्डं आहेत, ती वर्णानुक्रमानं लावायची. एकेक कार्ड उचला. ‘कोवाच यानोश’. यात आडनाव कोणतं? अर्थात कोवाच. कोवाच म्हणजे लोहार. ‘सॉबो’ म्हणजे शिंपी, ‘मोल्नार’ म्हणजे पिठाची गिरणी चालवणारा, ‘नॉद्य’ म्हणजे मोठा आणि ‘किश’ म्हणजे छोटा. आपल्याकडे सुतार, लोहार, मोठे, धाकटे अशी आडनावं असतात ना? तसंच हे.

पण थांबा. सॉबो कुठं लावलंत? एसच्या खणात? चुकलं! हंगेरियन लिपी रोमन असली, तरी तिच्यात २६ नाही, ४४ अक्षरं मोजतात. कारण दोन-दोन चिन्हं मिळून एक अक्षर होतं. नुसता एस असला तर उच्चार ‘श’. एसपुढं झेड आला की उच्चार ‘स’, आणि ते वेगळंच अक्षर. त्याचा खणही वेगळा. सी आणि एस मिळून ‘च’ होतो, त्याचाही खण वेगळा. एका अक्षरात तर तीन चिन्हं आहेत आणि तिन्हींचा मिळून उच्चार होतो ‘ज’. नवख्या माणसानं लावलेलं कार्ड म्हणूनच महिनोन् महिने सापडत नाही. कपाटात असतं, पण असून नसल्यासारखं!

पत्ता लिहितानाही तेच धोरण. आधी गाव, मग रस्ता, मग घराचा क्रमांक. तारीख लिहायची तर आधी साल, मग महिना, मग दिवस. आडनाव आधी का, हे आता लक्षात आलं? मोठ्याकडून लहानाकडे. आधी घराणं, मग त्यातला माणूस.

आता हे कार्ड पाहा. ‘कोवाच यानोशने’. हे यानोशचंच दुसरं कार्ड का? नाही. शेवटी ‘ने’ आहे, म्हणजे ही यानोश कोवाचची बायको. जुन्या रिवाजानुसार लग्न झालं, की बाईच्या कागदावरचं तिचं आडनावही जाई आणि नावही जाई. नवऱ्याचं पूर्ण नाव आणि पुढं ‘ने’, बस्स. मग ती मारी होती, की अन्ना, की एर्झेबेत? कार्डावरून कळायला मार्ग नाही. आज तिथल्या बायकांना लग्नानंतर नाव कसं लावायचं हे निवडता येतं आणि पुष्कळजणी स्वतःचं नाव ठेवतात. पण एक चांगली गोष्ट अशी, की तिथल्या सरकारी अर्जावर आईच्या नावाचा रकाना असतो, आणि त्यात आईचं माहेरचं नाव लिहायचं असतं. एकाच नावाची दहा माणसं असली, तरी आईच्या नावावरून नेमका माणूस ओळखता येतो. आपल्या महाराष्ट्रातही १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांत बाळाच्या नावापुढं आईचं नाव लिहायचं ठरलं आहे.

ताईनं आता तुमच्यापुढं एक कोडं ठेवलं आहे. एका प्रसिद्ध माणसाचं नाव इंग्रजी पुस्तकांत छापतात ‘अलेक्झांडर चोमा दे कोरोश’. याचं कार्ड कुठल्या खणात लावाल? अ, च, की क? उत्तर आहे क. कारण हंगेरियन लोक त्याला म्हणतात ‘कोरोशी चोमा शांदोर’. शांदोर हे त्याचं नाव, चोमा हे घराण्याचं आणि कोरोश हे त्याचं गाव. गावाच्या नावाला ‘ई’ जोडला, की ‘तिथला माणूस’ असा अर्थ होतो. आपण चिपळूणचा तो चिपळूणकर म्हणतो ना? तसा कोरोशचा तो कोरोशी. म्हणजे हा झाला कोरोशकर!

हे कोरोशकर आपल्या देशात येऊन राहिले होते, बरं का. १७८४ साली जन्मलेला हा माणूस मॉद्यॉर लोकांचं मूळ शोधत आशियाकडे निघाला आणि लडाखकडच्या बौद्ध मठात तिबेटी भाषा शिकत बसला. कडाक्याच्या थंडीत त्यानं शब्द गोळा केले. त्याचा तिबेटी-इंग्रजी शब्दकोश १८३४ साली कलकत्त्याच्या बाप्टिस्ट मिशन प्रेसमध्ये छापला गेला. मिशनच्या छापखान्यात कुणीतरी खिळे जुळवले, कुणीतरी मुद्रितं तपासली, तेव्हा तो कोश जगापुढं आला. पुढं कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत तो ग्रंथपाल झाला. १८४२ साली दार्जिलिंगला त्याचा अंत झाला आणि त्याची कबर आजही तिथंच आहे.

कार्डं लावून झाली असतील, तर थोडी भाषा शिकून घ्या. उद्या खेड्यात उपयोगी पडेल. ‘हाझ’ म्हणजे घर. ‘हाझबन’ म्हणजे घरात, ‘हाझबोल’ म्हणजे घरातून, ‘हाझरा’ म्हणजे घरावर. पाहिलंत? इंग्रजीत ‘इन’, ‘ऑन’ हे शब्द आधी येतात. इथं आपल्या मराठीसारखाच प्रत्यय मागून चिकटतो. व्याकरणाच्या तासाला विभक्तीचे प्रत्यय पाठ करून कंटाळणाऱ्यांनो, हंगेरियन मुलांना तुमच्याहून कितीतरी जास्त प्रत्यय वापरावे लागतात!

आणि हे दोन शब्द तर विसरूच नका. ‘नेनी’ म्हणजे काकू किंवा मावशी, ‘बाची’ म्हणजे काका. तेही आपल्यासारखेच नावाच्या मागून लागतात. मारी नेनी, यानोश बाची. मोठ्या बाईमाणसाला लहान मुलं ‘चोकोलोम’ म्हणतात. शब्दशः अर्थ ‘मी हाताचं चुंबन घेतो’, पण वापर मात्र आपल्या नमस्कारासारखा. आभार मानायचे तर ‘कोसोनोम’.

उजाडला ईस्टरचा सोमवार! बस बुदापेश्तहून ईशान्येला निघाली आहे. सुमारे १०० किलोमीटरवर डोंगरांच्या कुशीत होल्लोको नावाचं गाव आहे. वाटेत फळझाडं फुललेली, खेड्यांतल्या विजेच्या खांबांवर करकोच्यांची भलीमोठी घरटी. आफ्रिकेत हिवाळा काढून करकोचे वसंतात इथं परततात.

‘होल्लो’ म्हणजे डोमकावळा आणि ‘को’ म्हणजे दगड. गावावरच्या टेकडीवर तेराव्या शतकातला किल्ला आहे. त्याची दंतकथा अशी, की एका सरदारानं एका सुंदर मुलीला पळवून आणून कोंडलं. तिची दाई होती चेटकीण. तिच्या सांगण्यावरून डोमकावळ्यांनी किल्ल्याचा एकेक दगड चोचीत धरून उचलून नेला आणि मुलगी सुटली. म्हणून गावाचं नाव ‘डोमकावळ्याचा दगड’.

गावात एक मुख्य रस्ता आणि दोन्ही बाजूंना पांढऱ्या भिंतींची, कौलारू घरं. प्रत्येक घराला लाकडी कठड्याची ओसरी. तिथं तिला ‘तोर्नात्स’ म्हणतात. कोकणातल्या घराची आठवण येईल तुम्हाला. १९०९ साली इथं मोठी आग लागली. त्याआधीची छपरं गवताची होती. आगीनंतर लोकांनी कौलं घातली, भिंतींखाली दगडी पाया घेतला, पण घरांची ठेवण जुनीच राखली. १९८७ साली युनेस्कोनं हे गाव जागतिक वारसा म्हणून जाहीर केलं. जुन्या भागात अशी ५५ घरं आणि लाकडी मनोऱ्याचं एक छोटं चर्च आहे.

घरात साधारणपणे तीन खोल्या. मधे स्वयंपाकघर, मागं सामानाची खोली आणि रस्त्याकडच्या बाजूला ‘तिस्तासोबा’, म्हणजे स्वच्छ खोली. या खोलीत रोज कुणी झोपायचं नाही की बसायचं नाही. ती पाहुण्यांसाठी आणि सणासमारंभासाठी. पलंगावर भरतकाम केलेल्या उशांची छताकडे चढत गेलेली चळत. ज्या घरात ती चळत उंच, त्या घरच्या मुलीचं रुखवत दांडगं!

पण सगळं इतकं सुंदर असूनही एक गोष्ट टोचते. अख्ख्या गावात चारशेसुद्धा माणसं राहत नाहीत, आणि जुन्या भागात तर फारच थोडी. तरुण मंडळी कामासाठी शहरात गेली. कोकणातल्या, देशावरच्या पुष्कळ वाचकांना हे वेगळं सांगायला नको. घर राखता येतं, कौलं शाकारता येतात, पण ओसरीवर बसायला माणूस हवा ना?

आज मात्र ओसऱ्या भरल्या आहेत. ईस्टरचा सण! या भागातल्या लोकांना पालोत्स म्हणतात. मुलींनी एकावर एक असे कितीतरी घेरदार परकर घातले आहेत, वर भरतकामाची पोलकी. टेबलावर गोडसर वळणाचा पाव ‘कलाच’, उकडलेली अंडी आणि मांस. ईस्टरला हंगेरियनमध्ये म्हणतात ‘हूश्वेत’, म्हणजे मांस खायला सुरुवात. चाळीस दिवसांचा उपवास सुटला आहे.

आणि तेवढ्यात आरडाओरडा! पोरांचं टोळकं बादल्या घेऊन धावत येतं, एका मुलीला विहिरीपाशी ओढत नेतं आणि धबाधबा पाणी ओततं. ही आहे ‘लोचोल्कोदाश’, म्हणजे पाणी उडवण्याची प्रथा. पाणी पडलं की मुलगी फुलासारखी टवटवीत राहते, असं जुने लोक मानत. भिजलेली मुलगी मुलाला रंगवलेलं अंडं देते. अंड्यावर आधी मेणानं नक्षी काढतात, मग ते रंगात बुडवतात. मेणाखालची जागा पांढरीच राहते आणि नक्षी उमटते. कांद्याच्या टरफलांतून रंग काढायची जुनी पद्धतही आहे.

आपल्या धुळवडीची, रंगपंचमीची आठवण झाली ना? मग आता धुळवडीच्या दिवशी मनात येणारा प्रश्नही विचारून टाकू. ज्या मुलीला भिजायचं नसेल, तिचं काय?

हंगेरीतही हा प्रश्न विचारला जातो. काही मुलींना ही मजा हवीशी वाटते, तर पुष्कळजणींना मुळीच आवडत नाही. शहरांत आता बादलीऐवजी अत्तराचे चार थेंब केसांवर शिंपडतात. आणि त्याआधी मुलानं एक छोटीशी कविता म्हणायची असते. अशा कविता घरोघरी पाठ असतात. त्यांत बहुतेकदा मुलगी म्हणजे सुकत चाललेलं फूल आणि मुलगा म्हणजे झारी घेऊन आलेला माळी. पण कवितेचा शेवट लक्षात ठेवण्यासारखा आहे. शेवटी मुलगा विचारतो, ‘पाणी घालू का?’

बघा हं, विचारण्याचा रिवाज परंपरेतच आहे! तो कुणी नव्यानं आणलेला नाही. कुणी तो खरोखर विचारतं आणि उत्तराची वाट बघतं. कुणी नुसतंच घाईघाईत म्हणून टाकतं. परंपरा जपायची म्हणजे यांपैकी काय जपायचं, बादली की प्रश्न? तुम्हीच ठरवा. पुढच्या धुळवडीला हातात पिचकारी असेल, तेव्हा आठवा.

संध्याकाळी बस बुदापेश्तला परतली. अजून उजेड आहे. दान्यूबच्या काठानं चालत जाऊ. पेश्तच्या बाजूला काठावरच्या एका रस्त्याच्या पाटीवर नाव आहे: ‘जेन हेनिंग राकपार्त’. राकपार्त म्हणजे नदीकाठचा धक्का. पण जेन हेनिंग? हे नाव काही हंगेरियन वाटत नाही.

बरोबर. जेन हेनिंग ही स्कॉटलंडच्या शेतकरी कुटुंबातली मुलगी. जन्म १८९७. आधी ती दोरा बनवणाऱ्या एका मोठ्या कारखान्याच्या कचेरीत सेक्रेटरी होती. आपल्या ताईसारखंच टेबलाचं काम. १९३२ साली ती बुदापेश्तला आली. तिथं १८४१ पासून स्कॉटिश मिशन होतं आणि त्याची मुलींची शाळा होती. शाळेच्या वसतिगृहाची जबाबदारी जेनकडे आली. मुलींपैकी पुष्कळ ज्यू होत्या. जेन हंगेरियन शिकली, अगदी सफाईनं बोलू लागली.

दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर तिला मायदेशी परत बोलावलं. ती गेली नाही. सुखाच्या दिवसांत मुलींना माझी गरज होती, तर संकटात किती असेल, असं तिचं म्हणणं. युद्धात सगळ्याचीच टंचाई. मुलींच्या बुटांना तळवे नव्हते, तेव्हा तिनं आपली चामड्याची बॅग कापून ते लावले. मार्च १९४४ मध्ये जर्मन सैन्य हंगेरीत शिरलं. ज्यू माणसांनी कपड्यांवर पिवळा तारा शिवलाच पाहिजे, असा हुकूम निघाला. लहानग्या मुलींच्या कपड्यांवर तारे पाहून जेन रडली. तिच्यावर जे आरोप ठेवले, त्यांत हे रडणंही एक आरोप होता! एप्रिलमध्ये तिला पकडलं आणि पुढं आउश्वित्झच्या छळछावणीत नेलं. तिथं माणसांना नावं नसत, आकडे असत. जेन हेनिंगची झाली ७९४६७. १७ जुलै १९४४ रोजी ती तिथं मरण पावली. वय ४७.

२०१० साली बुदापेश्तनं नदीकाठच्या या रस्त्याला तिचं नाव दिलं. आकडा गेला, नाव परत आलं.

आता पाटी पुन्हा एकदा नीट वाचा. आज दिवसभर आपण शिकलो, की हंगेरीत आडनाव आधी आणि नाव नंतर. त्या हिशेबानं पाटीवर काय हवं होतं? ‘हेनिंग जेन’. पण तसं लिहिलेलं नाही. पाश्चात्त्य माणसाचं नाव हंगेरियन लोक त्याच्याच पद्धतीनं लिहितात. ती त्यांच्या मुलींची नावं त्यांच्या पद्धतीनं घ्यायला शिकली होती. त्यांनी तिचं नाव तिच्या पद्धतीनं जपलं.

मित्रांनो, या आठवड्यात एक काम करा. वर्गातल्या कुणाचं नाव आपण नेहमी चुकीचं उच्चारतो, आडवंतिडवं मोडतो, नाहीतर चिडवून बोलतो? त्याच्याकडे, तिच्याकडे जा आणि विचारा, ‘तुझं नाव नेमकं कसं म्हणायचं?’ मग तसं म्हणा. आणि घरी आजीला विचारा, लग्नाआधी तिचं नाव काय होतं. कितीजणांना ते माहीत नव्हतं, हे आम्हाला जरूर कळवा.

भेटू पुढच्या आठवड्यात.